दिवस मावळण्याआधी सेमाडोह: मित्रांसह मेळघाटातील मुक्कामाची आखणी

मेळघाटात जायचे ठरले की मित्रमंडळींत पहिला प्रश्न वाघाचा निघतो आणि त्यावरच तासभर चर्चा रंगते. गाडी कोणाची, चालवणार कोण, जेवणाचे काय आणि मुख्य म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी किती वाजता पोहोचायचे, हे प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तसेच पडून राहतात. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या मित्रांबरोबर सेमाडोह आणि कोलकासच्या वाऱ्या केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या सहलीचे बरेवाईट एकाच गोष्टीवर ठरते, आणि ती म्हणजे पहिल्या दिवशी उजेड असताना मुक्कामी पोहोचणे. म्हणून पुढची सगळी आखणी सूर्यास्तापासून मागे मोजत केलेली आहे.

नवख्यांसाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांचा, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वसलेला डोंगराळ मुलूख. व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३ साली सुरू झाली तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटाचा समावेश होता. हे सागाचे पानझडी जंगल आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या त्याचे पाणी तापीकडे घेऊन जातात. त्यांपैकी सिपनेच्या काठावर सेमाडोह आणि कोलकास ही मुक्कामाची दोन ठिकाणे आहेत. येथील कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग, आणि काठावरचे जंगल पाहिल्यावर या नावाचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

अपेक्षा आधी ठरवून घ्याव्यात

ताडोब्यात दोन सफारींत वाघ पाहून आलेला एक तरी मित्र प्रत्येक गटात असतो, आणि मेळघाटात तोच सर्वांत आधी कंटाळतो. ताडोबा बहुतांशी सपाट आहे आणि तेथे तलावांभोवती प्राणी एकवटतात. मेळघाटात वाघ आहेत, पण दऱ्याखोऱ्यांमुळे नजर पन्नास पावलांपलीकडे पोहोचत नाही आणि पाणी अनेक नाल्यांत विखुरलेले असल्यामुळे वाघाला एका पाणवठ्यावर येण्याची गरज पडत नाही. येथे दिसण्याची बऱ्यापैकी शक्यता असते ती गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर आणि नशीब असेल तर अस्वल यांची. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांसाठी रानपिंगळा हे मोठे आकर्षण आहे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे या घुबडाची खात्रीशीर नोंद नव्हती आणि ते नामशेष झाले असे मानले जात होते. १९९७ साली ते सातपुड्याच्या परिसरात पुन्हा सापडले आणि पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. हे घुबड दिवसा वावरते, त्यामुळे ते पाहण्यासाठी रात्र जागवावी लागत नाही.

हे सर्व मित्रांना निघण्याच्या आठवडाभर आधी सांगावे. ज्याला केवळ वाघच पाहायचा आहे त्याने ताडोब्याला जावे, आणि असे सांगण्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

ऋतू आणि दिवसांची निवड

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुक्कामासाठी सर्वांत सुखाचा असतो. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या खोलगट भागात पहाटे बोटे वाकत नाहीत इतकी थंडी पडते, परंतु दिवसा ऊन कोवळे असते आणि संध्याकाळी अंगणात बसता येते. मार्चमध्ये पळस फुललेला असतो आणि मोहफुलांचा वास सुटतो. याच सुमारास होळी येते. कोरकूंचा हा वर्षातील सर्वांत मोठा सण असून पुढचे काही दिवस गावागावांतील स्त्रिया आणि मुले रस्त्यावर गाडी अडवून गाणी म्हणत फगवा मागतात. शहरातून आलेले काही पाहुणे यामुळे घाबरतात किंवा चिडतात, आणि ही दोन्ही वागणी चुकीची आहेत. दहा-वीस रुपयांच्या नोटांचा गठ्ठा हाताशी ठेवावा, काच खाली करून हसतमुखाने फगवा द्यावा आणि पुढे जावे.

एप्रिल-मे मध्ये झाडांची पाने गळून नजर लांब जाते आणि प्राणी पाण्यावर येतात, म्हणून जाणकार याच दिवसांत जातात. मात्र दुपारचे ऊन सोसण्याची तयारी हवी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून प्राणी पाहण्याचा उपक्रम वनविभाग राबवतो. त्याची नोंदणी वेगळी होते आणि जागा फार लवकर संपतात. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि सखल रपट्यांवरून, म्हणजे नाल्यांवरच्या बुटक्या पुलांवरून, पाणी वाहू लागले की तासन्‌तास अडकून पडावे लागते. पावसाळ्यात जायचेच असेल तर चिखलदऱ्यापुरते जावे. तेव्हा तेथे धुके आणि धबधबे यांची चैन असते, अर्थात गर्दीही असते.

दिवसांविषयी माझे मत ठाम आहे: दोन रात्री हव्यात. शनिवारी जाऊन रविवारी परतणाऱ्यांचा अर्धा वेळ गाडीत जातो आणि उरलेला अर्धा झोप भरून काढण्यात. शुक्रवारची एक रजा काढणे शक्य असेल तर ती काढावी. शुक्रवारी कचेरी सुटल्यावरच निघता येणार असेल, तर त्या रात्री घाट चढण्याचा विचार न करता परतवाड्यात किंवा अमरावतीत झोपावे आणि शनिवारी उजाडताना पुढे निघावे.

माणसे, पैसे आणि नोंदणी

एका गाडीत चार माणसे हा माझ्या अनुभवात सर्वांत चांगला आकडा आहे. पाचवा माणूस बसतो, पण त्याच्या पिशवीला जागा उरत नाही आणि घाटात मधल्या जागेवर बसणाऱ्याला हमखास मळमळते. चौघांपैकी किमान दोघांना घाटात गाडी चालवण्याचा सराव असावा. खर्चासाठी एकाकडे सर्वांनी समान रक्कम आधी जमा करावी आणि त्यातूनच सगळे भागवावे, कारण चहापासून पेट्रोलपर्यंत प्रत्येक वेळी हिशेब मांडत बसल्यास सहलीचा रस जातो. काही रक्कम रोख असणे फार गरजेचे आहे. घाट चढल्यावर मोबाईलचे नेटवर्क येते-जाते, आणि ते नसेल तर मोबाईलवरून पैसे देण्याची सोय असून नसल्यासारखी होते.

वनविभागाच्या निवाससंकुलातील खोल्या आणि सफारी या दोन्हींची नोंदणी अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करावी. हिवाळ्यातील शनिवार-रविवार, दिवाळीची सुटी आणि वर्षअखेर यांसाठी दीड-दोन महिने आधी प्रयत्न सुरू करावेत. नोंदणीच्या वेळी दिलेले ओळखपत्र आणि प्रवेशद्वारावर दाखवायचे ओळखपत्र एकच असावे लागते. आधार कार्डाचा क्रमांक देऊन वाहनपरवाना दाखवणारा एक मित्र आमच्याकडे आहे, त्याच्यामुळे सकाळच्या सफारीची पंधरा मिनिटे वाया गेली आणि तो विषय अजून संपलेला नाही. सफारीत मार्गदर्शक घेणे बंधनकारक असते. हे मार्गदर्शक जंगलालगतच्या गावांतील तरुण असतात, आणि त्यांना पायवाटांची, आवाजांची जी जाण असते ती कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही.

खोली मिळाली की लगेच जेवणाचे बोलून घ्यावे. या ठिकाणी हॉटेलासारखी तयार ताटे वाट पाहत नसतात. खानसामा किंवा उपाहारगृह चालवणारे गावकरी माणसांच्या संख्येनुसार भाजी आणि पीठ आणतात. आम्ही एकदा न कळवता रात्री साडेआठला पोहोचलो तेव्हा खानसामा चूल विझवून घरी गेला होता. त्याला उठवून आणल्यावर त्या बिचाऱ्याने घरातील तूरडाळ आणि कांद्यावर आमची बोळवण केली. डाळकांदा उत्कृष्ट झाला होता, पण त्या माणसाचे डोळे झोपेने मिटत होते आणि आम्हाला घास गोड लागला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि परतवाड्यातून निघताना असे दोनदा फोन करून "चार माणसे, रात्रीचे जेवण, शाकाहारी इतके" असे स्पष्ट सांगावे.

गाडीची तयारी

नागपूरहून सेमाडोह, तेथून चिखलदरामार्गे परत असा फेरा साधारण पाचशे किलोमीटरचा होतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी धरली, तर घाटातील जादा खर्चासह पस्तीस लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. शेवटची टाकी परतवाड्यात भरावी. टाकी अर्धी आहे म्हणून पुढे जाण्याचा मोह टाळावा, कारण जंगलातल्या रस्त्यावर पंप कोठे मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे न्यावी आणि ब्रेकचे पॅड, कूलंट, चारही टायरांची हवा आणि वायपर पाहून घ्यावेत. स्टेपनीत हवा आहे का, जॅक चालतो का आणि नटाचा पान्हा आपल्याच गाडीचा आहे का, हे स्वतः एकदा चाक काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. पंक्चर झाल्यावर वळणावर उभे राहून हे शोधण्यापेक्षा घरच्या अंगणात शोधलेले बरे. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवावेत. रस्त्याचा नकाशा मोबाईलवर आधीच उतरवून घ्यावा आणि परतवाडा, घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी हा क्रम कागदावर लिहून ठेवावा. कागदाला नेटवर्क लागत नाही.

निघण्याची वेळ मागून मोजावी

डिसेंबरच्या मध्यावर या भागात सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, आणि सेमाडोह डोंगरांच्या खोबणीत असल्यामुळे ऊन त्याही आधी निघून जाते. म्हणून मुक्कामी साडेचारला पोहोचायचे असे धरावे. परतवाडा ते सेमाडोह हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा टप्पा घाटामुळे दीड तास घेतो, म्हणजे परतवाडा उशिरात उशिरा तीनला सोडायला हवे. तेथे जेवण, पेट्रोल आणि सामान यांना एक तास. अमरावती ते परतवाडा पन्नास किलोमीटरच्या थोडे वर आहे आणि रस्त्यावर ट्रॅक्टर, संत्र्याच्या गाड्या, गुरे यांची वर्दळ असते, त्यामुळे सव्वा तास धरावा. अमरावती पावणेएकला मागे टाकलेली असली पाहिजे. नागपूर ते अमरावती साधारण एकशे पंचावन्न किलोमीटर आहे आणि न्याहारीसह त्याला तीन-सव्वातीन तास लागतात. या हिशेबाने नागपूर साडेनऊला सोडले तरी चालेल. प्रत्यक्षात साडेसहाची वेळ ठरवावी, कारण चौघांपैकी एक जण पाऊण तास उशिरा येतोच आणि उरलेला वेळ वाटेत कामी येतो.

या वाटेवर थांबण्यासारखे पुष्कळ आहे, पण सगळीकडे थांबता येत नाही. महामार्गावर तिवशाच्या अलीकडे-पलीकडे गाडी जाते तेव्हा मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम लागतो. तेथे पंधरा मिनिटे शांत बसून पाय मोकळे करणे कोणत्याही ढाब्यावरील थांब्यापेक्षा चांगले. न्याहारी अमरावतीत करावी आणि गिला वडा खावा. दह्यात बुडालेला हा वडा पोटभर खाल्ल्यास पुढे चालकाला पेंग येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने एका प्लेटवर थांबावे. अमरावती सोडल्यावर वलगाव लागते. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवला. खराटा हाती घेऊन गावे झाडणाऱ्या माणसाच्या या गावातून जाताना खिडकीतून वेफर्सचे पाकीट बाहेर टाकण्याची कोणाची हिंमत होऊ नये.

परतवाडा आणि अचलपूर ही जोडशहरे आहेत. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, एके काळची वऱ्हाडाची राजधानी. परतवाड्यात जेवावे, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार आणि काही फळे घ्यावीत. हंगाम असेल तर संत्री रस्त्याकडेलाच मिळतात. २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चालणारी बहिरमची यात्रा येथून जवळ, बैतूलच्या रस्त्यावर भरते, आणि तेथील हंडीतले मटण आणि रोडगे खाण्यासाठी लोक दूरदुरून येतात. तो बेत करायचा असेल तर परतीच्या दिवशी ठेवावा. जाताना बहिरमला वळलेली गाडी अंधार पडण्यापूर्वी सेमाडोहला पोहोचल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

अकोला आणि बुलढाण्याकडील मित्रांनी हा सगळा फेरा घालण्याऐवजी अकोटवरून पोपटखेडमार्गे शहानूरला जावे. नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचा तो भागही मेळघाटाचाच आहे, आणि किल्ला पाहून होतो हा वरचा लाभ.

घाट आणि जंगलातील रस्ता

परतवाडा सोडल्यावर काही किलोमीटरांत शेती संपते आणि चढ सुरू होतो. येथून पुढे गाडी सर्वांत सरावलेल्या माणसाकडे द्यावी आणि गाणी बंद करावीत. चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडू नये, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याचा आचरटपणा कोणी करत असेल तर त्याच्या हातून चाक काढून घ्यावे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकवाल्यांचा नियम सर्वांनी पाळावा. ब्रेकवर सतत पाय राहिला की ब्रेक तापतो, जळका वास येतो आणि मग तो ऐन वळणावर लागत नाही. असा वास आल्यास मोकळ्या जागी गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे थांबावे. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये.

वनविभागाच्या नाक्यावर गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या आणि मुक्कामाचे ठिकाण नोंदवले जाते. ही नोंद आपल्याच उपयोगाची असते. आपण वेळेत पोहोचलो नाही तर शोध कोठून सुरू करायचा हे तिच्यामुळे कळते. पुढच्या रस्त्यावर रात्रीच्या वाहतुकीवर काही निर्बंध आहेत का आणि एखादा रपटा बंद आहे का, हे येथेच विचारून घ्यावे. त्यानंतर वेग ताशी तीस-चाळीसच्या वर नेऊ नये. सांबर किंवा रानडुक्कर एक ओलांडून गेले की मागून दुसरे येतेच, म्हणून पहिला प्राणी गेल्यावर लगेच गाडी पुढे काढू नये. गव्याचा कळप रस्त्यावर असेल तर अंतर राखून इंजिन बंद करावे, हॉर्न वाजवू नये आणि दिव्यांची उघडझाप करू नये. काही मिनिटांत कळप स्वतःहून उतरतो. फोटोसाठी गाडीतून उतरणे हा बेकायदा प्रकार आहे, शिवाय पोरे घेऊन फिरणाऱ्या अस्वलीला कायदा माहीत नसतो.

वाटेतल्या गावांत माणसे घराच्या ओट्यावर बसलेली असतात. थांबलात तर आधी "राम राम" म्हणावे आणि मग रस्ता विचारावा. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा असून मराठी किंवा हिंदीशी तिचे नाते नाही, त्यामुळे एखादी म्हातारी आपल्याला उत्तर देत नाही याचा अर्थ ती रागावली आहे असा होत नाही. पोरांना चॉकलेटे वाटून त्यांचे फोटो काढणे टाळावे. कोणाच्या अंगणात कॅमेरा नेण्यापूर्वी घरच्या माणसाला विचारावे, आणि काही द्यायचेच असेल तर गावातील दुकानातून चहा-साखर-बिस्किटे विकत घ्यावीत, म्हणजे चार पैसे गावात राहतात.

मुक्कामाचे दोन दिवस

पोहोचल्यावर सामान खोलीत टाकून लगेच अंगणात बसण्याची घाई होते. त्याआधी उजेडातच चार गोष्टी उरकाव्यात: खोलीचे कोपरे, पलंगाखालची जागा आणि न्हाणीघर टॉर्चने पाहावे, नळाला पाणी येते का तपासावे, मोबाईल आणि टॉर्च वीज असेपर्यंत चार्ज करावेत, आणि गाडी उताराच्या दिशेने तोंड करून, रिव्हर्स गिअरमध्ये उभी करावी. बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकल्याशिवाय पायात घालू नयेत. रात्री खोलीबाहेर जाताना टॉर्च जमिनीवर धरून चालावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप विदर्भात आढळतात, आणि मण्यार रात्रीच फिरते.

साप चावलाच तर चिरा देणे, आवळून दोरी बांधणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला चालवू नये, चावा लागलेला हात किंवा पाय लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी-कडे काढावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून मुक्कामावरील वनकर्मचाऱ्यांना तत्काळ सांगावे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते आणि तेथे प्रतिविष आहे का, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवावे. अचलपूर आणि धारणी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे परिसरात कोणत्या कंपनीचे सिमकार्ड चालते आणि संकुलात उभे राहून नेमके कोठे संकेत मिळतो, हेही त्याच वेळी पाहावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. नेहमीची औषधे, ओआरएसची पाकिटे आणि उलटीच्या गोळ्या सोबत असाव्यातच.

शेकोटीचा हट्ट प्रत्येक गटात असतो. जेथे संकुलाने जागा आखून दिली आहे तेथेच, कर्मचाऱ्याच्या परवानगीने ती पेटवावी, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या काळात तिचे नावही काढू नये. वाळलेल्या सागाच्या पानावर पडलेली एक विडी डोंगर जाळते. दारू आणि मोठा स्पीकर घरी ठेवून यावे. रात्री नऊनंतर आवाज बंद केला की नदीचे पाणी, सांबराचा इशारा आणि लांबवर नाइटजार या रातपक्ष्याची टकटक ऐकू येऊ लागते. ज्या मित्रांना शांतता सहन होत नाही त्यांना पहिली रात्र जड जाते, दुसऱ्या रात्री तेच सर्वांना गप्प बसवतात.

शनिवारची पहाट सफारीसाठी ठेवावी. थंडीत उघड्या जिप्सीत वारा अंगाला झोंबतो, म्हणून कानटोपी, हातमोजे आणि एक जाड चादर घ्यावी. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत आणि अत्तर लावू नये. मार्गदर्शकाला "वाघ दाखव" असे म्हणण्याऐवजी पायाचे ठसे, अस्वलाने मोहाच्या झाडावर उमटवलेली नखे, पोखरलेली वारुळे दाखवण्यास सांगावे. मग तो खुलतो आणि दोन तास कसे गेले ते कळत नाही. दुपार झोपेची. चारच्या सुमारास कोलकासला जावे. सेमाडोहपासून धारणीच्या दिशेने ते १५ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि उंचावरच्या विश्रामगृहाखाली सिपना मोठे वळण घेते. या वळणाकडे पाहत बसणे हाच तेथील कार्यक्रम आहे. पाण्यात उतरू नये, कारण खडक शेवाळलेले असतात आणि डोहांची खोली वरून कळत नाही. सूर्य डोंगराला टेकण्यापूर्वी परत फिरावे.

परतीचा दिवस

रविवारी सकाळी खोली सोडताना कचऱ्याची पिशवी आपल्याबरोबर गाडीत घ्यावी आणि ती परतवाड्यात टाकावी. मुक्कामाच्या ठिकाणच्या डब्यात टाकलेले उष्टे वानरे आणि रानडुकरे रात्रीतून बाहेर काढतात. खानसाम्याला बक्षिसी हातात द्यावी आणि नोंदवहीत जेवणाविषयी दोन ओळी लिहाव्यात, त्या वरिष्ठ वाचतात.

परत येताना तोच रस्ता न धरता चिखलदऱ्याकडे वळावे. तास-सव्वा तासात गाडी सुमारे ११०० मीटर उंचीवर पोहोचते आणि हवा बदलते. विदर्भात कॉफीचे पीक येते ते येथेच. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, त्या कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले अशी येथील आख्यायिका असून भीमकुंड याच कथेशी जोडलेले आहे. वेळ एकाच ठिकाणाला देता येणार असेल तर तो गाविलगडाला द्यावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वऱ्हाडाचे भवितव्य बदलले. दरवाजे, बुरूज आणि तलाव निवांत पाहायला दोन तास पुरतात. गडावर पाणी आणि सावली दोन्ही बेताचीच असल्यामुळे माणशी दोन लिटर पाणी न्यावे आणि अकराच्या आत चढावे.

चिखलदरा दुपारी दोनला सोडावा, म्हणजे मोथा आणि धामणगाव गढीवरून उतरणारा घाट उजेडात संपतो आणि नागपूरकर रात्री नऊच्या आत घरी पोहोचतात. उतारावर पुन्हा तोच गिअरचा नियम. शेवटची खरेदी खव्याची. वरच्या गावांतील गवळी खवा भट्टीवर आटवतात आणि रबडीही मिळते. रबडी तेथेच उभ्याने खावी. खवा मात्र सगळे फिरून झाल्यावर, गाडी घाट उतरायला निघतानाच घ्यावा, स्टीलच्या डब्यात भरून पायांशी सावलीत ठेवावा, आणि घरी पोहोचल्यावर कितीही झोप येत असली तरी त्याच रात्री कढईत मंद आचेवर परतून गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा, कारण दिवसभर गाडीत हिंदकळलेला खवा सकाळपर्यंत आंबतो.